आजीशी वाद घालू नकोस

चि. बाळ,

काल फोनवर रडत होतीस. आजी तुला चोर म्हणाली. तू कपाट उघडून बांगड्या दाखवल्यास, तर म्हणाली, ‘आत्ता आणून ठेवल्यास.’ राग येणारच. पण कपाट उघडायला तुला सांगितलं कोणी? वाद घालू नकोस. नवं लक्षात ठेवणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, अल्झायमरमध्ये सुरुवातीलाच झिजतो. तुझा खुलासा ती थोड्या वेळात विसरते. आपल्याला खोटं पाडलं, एवढं मात्र मनात राहतं. ‘सापडत नाहीत? चल, दोघी शोधू,’ म्हण, आणि शोधता शोधता चहाचं विचार.

आमचे हे संध्याकाळ झाली की डबा मागायचे, रातपाळीला निघायचे. त्यांची गिरणी १९८२ च्या संपानंतर उघडलीच नव्हती. दीर म्हणायचे, ‘वहिनी, त्यांना खरं काय ते सांगा.’ खरं सांगितलं की नोकरी गेल्याचा धक्का त्यांना नव्याने बसायचा. मग मी ‘आज गिरणीला सुट्टी आहे’ म्हणायचे. रोज म्हणायचे. नातेवाइकांत खोटारडी ठरले. ठरू दे. आजही तेच म्हणेन. माणसाला तेच दुःख रोज नव्याने द्यायचं, यात कसला आलाय खरेपणा? खंत एवढीच, की दिरांना हे शेवटपर्यंत पटलं नाही.

तुमची परळची खोली आतल्या अंगाला, लवकर अंधारते. पाचलाच दिवे लाव. सावल्यांना ती घाबरते. ‘घरी जायचंय’ म्हणाली तर ‘हेच तुझं घर’ म्हणू नकोस. गावच्या घराचं विचार, अंगणात काय काय होतं ते सांगू दे, गॅलरीत दोन फेऱ्या मारून आण. आंघोळीला मारायला धावली तर पाणी गार आहे का, तिला लाज वाटतेय का, ते बघ. अंगावर टॉवेल राहू दे, तांब्या तिच्याच हातात दे. तरी नाही म्हणाली तर ओल्या फडक्याने अंग पुसून घे. तिथेही वाद नको, किती वेळा सांगू!

हे मात्र नीट वाच. दोन दिवसांत वागणं एकदम बदललं, भास व्हायला लागले, गुंगी आली, तर ‘आजार वाढला’ म्हणून गप्प बसू नकोस. लघवीचा संसर्ग असेल, पोट साफ नसेल, दाढ दुखत असेल, नवं औषध बाधलं असेल. तिला ते सांगता येत नाही. त्याच दिवशी डॉक्टरांकडे ने.

आणि भावाला म्हणावं, शांत करणाऱ्या गोळीची घाई नको. डिमेन्शिया, म्हणजे अल्झायमरसारखा स्मृतिभ्रंश, असलेल्या वृद्धांमध्ये अँटिसायकोटिक, म्हणजे भास-भ्रमावर देतात त्या शांत करणाऱ्या औषधांमुळे मृत्यूचा धोका वाढतो, हा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ सालीच दिलाय. कधी कधी ती लागतातही, पण डॉक्टर ठरवतील तेव्हा, ठरवतील तेवढीच.

तू आजीला खोटं सांगतेस असं तो म्हणतो ना? येत्या रविवारी सकाळपासून रात्रीपर्यंत त्यालाच तिच्याजवळ बसव. तू माझ्याकडे जेवायला ये. त्याचा फोन आला तर मी घेईन.

तुझी,
मावशी