माजी विद्यार्थी मुलाखत घेणार आहे, तयारी काय करू?

अमेरिकेतल्या कॉलेजला अर्ज केलाय, तिथला माजी विद्यार्थी ऑनलाइन मुलाखत घेणार, कोल्हापुरात बसून तयारी काय करू, असं विचारलंयस.

ही तोंडी परीक्षा नव्हे. बहुतेक वेळा समोरच्याकडे तुझे मार्क किंवा निबंध नसतातच. तो गप्पा मारतो, तुझ्याबद्दल टिपण कॉलेजला पाठवतो, निर्णय कॉलेजचा. म्हणून मार्कांची यादी वाचू नकोस, गोष्टी सांग. २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी ओसरल्यावर कुणाचं घर धुऊन दिलं असशील, मामाच्या गुऱ्हाळावर काहिलीपाशी बसला असशील, तर ते सांग. पण नुसतं ‘गेलो होतो’ नको. तिथं काय खटकलं, काय डोक्यात घोळत राहिलं, ते हवं.

‘हेच कॉलेज का?’ हे बहुधा विचारतातच. ‘रँकिंग चांगलं आहे’ म्हणालास की विषय संपला. एखादा कोर्स, एखादी प्रयोगशाळा नावानिशी माहीत हवी. उलट विचारायला दोन-तीन प्रश्न ठेव, वेबसाइटवर उत्तर मिळेल असले नकोत. ‘पहिल्या वर्षी तुम्हाला काय जड गेलं?’ हा मस्त चालतो.

पाठांतर लगेच कळतं. इंग्रजी अडखळलं तर अडखळू दे. आईबाबांना मात्र खोलीबाहेर बसव (ते दाराशी कान लावणारच!). त्याच दिवशी आभाराचा दोन ओळींचा ईमेल टाक.