वाचकांचे प्रश्न: ओपनस्टॅकचा मायनर अपडेट करायचाय, आधी काय काय बघू?

प्रश्न: नमस्कार ताई, मी पुण्यात एका इंजिनियरिंग कंपनीच्या आयटीमध्ये आहे. आमच्याकडे रेड हॅट ओपनस्टॅक प्लॅटफॉर्म 17.1 (स्वतःच्या सर्व्हरवर क्लाऊड चालवायचं सॉफ्टवेअर) वर प्रायव्हेट क्लाऊड आहे, 3 कंट्रोलर (सगळं नियंत्रण करणारे), 14 कॉम्प्युट (ज्यांवर व्हीएम म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालतात) आणि 5 सेफ स्टोरेजचे (डेटा साठवणारे) नोड. ज्या सरांनी हे सगळं उभं केलं ते दोन वर्षांपूर्वी सोडून गेले, तेव्हापासून आम्ही दोघं जण नुसतं सांभाळतोय. आता सिक्युरिटीवाले मागे लागलेत की 17.1 चंच नवीन मेंटेनन्स रिलीज टाका. सगळे म्हणतात मायनर अपडेट आहे, एका रात्रीत होईल. मी कधी केलेला नाही. आधी काय तयारी करू?
— एक वाचक, पुणे

उत्तर: नमस्कार दादा. पहिल्यांदा एक गोष्ट डोक्यातून काढून टाका, मायनर हा शब्द व्हर्जनच्या आकड्याबद्दल आहे, कामाबद्दल नाही. 17.1 चं 17.1 च राहणार म्हणून मायनर, पण आत प्रत्येक नोडवरची पॅकेजेस बदलणार, झाडून सगळे कंटेनर (ज्यांत ओपनस्टॅकच्या सर्व्हिसेस चालतात) नवीन इमेजवर जाणार, डेटाबेसचा क्लस्टर एकेक करून खाली-वर होणार. तुम्ही आधी विचारलंत हे फार बरं केलंत, कारण अपडेटची रात्र चांगली जाणार की वाईट हे त्याच्या आधीच्या आठवड्यातच ठरलेलं असतं, मी इतक्या वर्षांत हेच बघत आलेय.

सुरुवात त्या गेलेल्या सरांच्या कमांडपासून करा. ओव्हरक्लाऊड, म्हणजे तुमचा खरा चालता क्लाऊड, पहिल्यांदा डिप्लॉय करताना त्यांनी एक लांबलचक कमांड दिली असेल, तिच्यात दहा-पंधरा एन्व्हायर्नमेंट फाईल्स एका ठराविक क्रमाने जोडलेल्या असतील, कुठली नेटवर्कची, कुठली सेफची, कुठली टीएलएसची. अपडेट प्रिपेअर करताना त्याच सगळ्या फाईल्स त्याच क्रमाने परत द्याव्या लागतात. एखादी राहिली तर डायरेक्टरला, म्हणजे क्लाऊड उभा करणाऱ्या टूलला, वाटतं की ती सेटिंग तुम्हाला आता नकोय, आणि तो निमूटपणे ती काढायला जातो, विचारत वगैरे काही नाही. म्हणून अंडरक्लाऊडवर, म्हणजे डायरेक्टर ज्या सर्व्हरवर चालतो तिथे, स्टॅक युजरच्या होम फोल्डरमध्ये ती स्क्रिप्ट शोधा, नाही मिळाली तर बॅशची हिस्टरी बघा, आणि मिळाली तरी तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. मधल्या दोन वर्षांत कोणी एखाद्या नोडवर हाताने काही बदललंय का ते ताडून बघा, कारण हाताने बदललेलं अपडेटमध्ये पुसलं जातं. तुमच्याबाबतीत सगळ्यात जास्त वेळ याच कामाला जाईल आणि जाऊ द्या, दोन दिवस लागले तरी चालतील.

दुसरं, ऑपरेटिंग सिस्टिमचं व्हर्जन कुलूपबंद करा. 17.1 हे आरएचईएल (रेड हॅटची लिनक्स) 9.2 वर बसतं. ज्या नोडवर सबस्क्रिप्शन मॅनेजरमध्ये रिलीज 9.2 ला लॉक केलेलं नाही तो नोड अपडेटच्या वेळी डीएनएफला (पॅकेजेस बसवणारं टूल) जे नवीन दिसेल ते ओढून घेतो, 9.2 सोडून पुढच्या व्हर्जनवर जातो, आणि मग ओपन व्हीस्विच, पॉडमॅन, पेसमेकर (अनुक्रमे नेटवर्क, कंटेनर आणि क्लस्टर सांभाळणारी) ही मंडळी एकमेकांशी न जुळणाऱ्या व्हर्जनची होऊन बसतात. तेव्हा प्रत्येक नोडवर रिलीज काय सेट आहे ते बघा, एकूण एक, सगळ्या बाविसांवर आणि अंडरक्लाऊडवरसुद्धा. रिपॉझिटरी पण साध्या नकोत, त्या 9.2 साठी वाढीव सपोर्टवाल्या लावायच्या, नाहीतर लॉक करून पण पॅच काहीच येणार नाहीत आणि सिक्युरिटीवाले पुढच्या आठवड्यात परत दारात उभे.

याच्याच जोडीला कंटेनर इमेजचं बघा. कंटेनर प्रिपेअरच्या फाईलमध्ये टॅग नुसता 17.1 असा लिहिलेला असेल तर ज्या दिवशी ओढाल त्या दिवशीचं सगळ्यात नवीन येतं. टेस्ट सेटअपवर आज चालवलं, प्रॉडक्शनवर तीन आठवड्यांनी, तर दोन्हीकडे वेगवेगळं सॉफ्टवेअर, मग टेस्ट केलं त्याचा उपयोग काय? तुमच्याकडे सॅटेलाईट सर्व्हर (रेड हॅटची पॅकेजेस आपल्याकडेच ठेवणारा) असेल तर कंटेंट व्ह्यू करून पॅकेजेस आणि इमेज दोन्ही एका तारखेला गोठवून टाका आणि तेच दोन्हीकडे वापरा. नसेल तर निदान टॅग तरी नेमका द्या.

आता फेन्सिंग. यावर मी जरा जास्त लिहिणारे कारण याचा चटका मला स्वतःला बसलाय.

तुमचे तीन कंट्रोलर पेसमेकरच्या क्लस्टरमध्ये असतात. तिघांपैकी एक गप्प झाला तर उरलेल्या दोघांना कळत नाही की तो मेलाय की नुसता नेटवर्क तुटलंय, आणि तो जिवंत असून डेटाबेसमध्ये काही लिहीत बसला तर गोंधळ होईल, म्हणून ते त्याची पॉवरच रिसेट करतात, सर्व्हरच्या मॅनेजमेंट पोर्टवरून. यालाच फेन्सिंग किंवा स्टोनिथ म्हणतात, 'शूट द अदर नोड इन द हेड' या शब्दांच्या आद्याक्षरांवरून ते नाव पडलंय, आणि नावाप्रमाणेच ते काम करतं. एरवी ही फार चांगली सोय आहे. पण अपडेटमध्ये प्रत्येक कंट्रोलर मुद्दाम क्लस्टरमधून बाहेर काढला जातो, सर्व्हिसेस बंद होतात, परत चालू होतात, आणि त्यात कुठे काही अडखळलं की बाकीच्या दोघांना वाटतं हा गेला.

एका ठिकाणी आम्ही अपडेटच्या आधी कंट्रोलरवर जाऊन पीसीएसच्या (पेसमेकर हाताळायचं टूल) कमांडने स्टोनिथ बंद केलं होतं, सगळ्यांनी बघितलं, टिक केलं. पण एन्व्हायर्नमेंट फाईलमध्ये एनेबल फेन्सिंग हे ट्रू चं ट्रू च राहिलं. झालं काय, पहिला कंट्रोलर अगदी व्यवस्थित पार पडला आणि त्याच्या शेवटच्या स्टेपमध्ये डायरेक्टरने फाईलमध्ये लिहिलंय तसं फेन्सिंग परत चालू केलं. आम्हाला पत्ता नाही. दुसऱ्या कंट्रोलरची पॅकेजेस अर्धी बसली होती, स्क्रीनवर नावं सरकत होती, आणि सरकायची थांबली. मी आधी समजले माझं व्हीपीएन गेलं. मग कन्सोल उघडून बघितलं तर सर्व्हर मेमरी मोजत होता, म्हणजे पॉवर रिसेट झालेला. वर आला तेव्हा निम्मी पॅकेजेस दोन-दोन व्हर्जनची, जुनं पण आहे नवीन पण आहे, आणि सर्व्हिसेस उठेनात. तो नोड बॅकअपवरून परत उभा करेपर्यंत सकाळचे आठ वाजले. व्हीएम चालू राहिल्या कारण दोन कंट्रोलर होते आणि तिघांत दोन म्हणजे कोरम, बहुमत, राहतो, पण तिसऱ्याला काही झालं असतं तर काय, हा विचार मी त्या रात्री दर पाच मिनिटांनी करत होते.

तेव्हा बंद दोन्हीकडे करायचं, क्लस्टरमध्ये पण आणि फाईलमध्ये पण. इन्स्टन्स एचए (कॉम्प्युट नोड पडला तर त्याच्या व्हीएम दुसरीकडे उठवणारी सोय) वापरत असाल तर ते पण बंद. आणि सगळं झाल्यावर परत चालू करायचं काम तुमच्या कागदावर आत्ताच लिहून ठेवा, आठवणीवर सोडू नका.

बॅकअपचं सांगते. अंडरक्लाऊड आणि तिन्ही कंट्रोलर यांचा बॅकअप रिलॅक्स अँड रिकव्हर या टूलने घेतात, त्यातून बूट होणारी आयएसओ तयार होते आणि ती एनएफएस सर्व्हरवर जाते. तो एनएफएस सर्व्हर याच क्लाऊडमधली एखादी व्हीएम नाही ना, हे नक्की बघा, मी खरंच असं ठेवलेलं बघितलंय. आणि एकदा तरी ती आयएसओ एखाद्या रिकाम्या मशीनवर बूट करून रिस्टोअर करून बघा. वर सांगितलेल्या रात्री आम्ही वाचलो ते महिनाभर आधी रिस्टोअर करून बघितलं होतं म्हणून, कुठल्या स्टेपला किती वेळ लागतो ते हाताला माहिती होतं.

बाकी तब्येतीची तपासणी लवकर होते. पीसीएस स्टेटसमध्ये काही फेल दिसतंय का, गॅलेराचा (डेटाबेसचा) क्लस्टर साईझ 3 आहे का आणि तिघंही सिंक्ड म्हणतायत का, रॅबिटएमक्यूमध्ये (सर्व्हिसेसचे आपापसातले निरोप पोहोचवणारं) पार्टिशन नाही ना, सेफची हेल्थ ओके आहे का, कॉम्प्युट सर्व्हिसच्या यादीत कोणी डाऊन आहे का. कधीकाळी काढून टाकलेल्या सर्व्हरच्या एंट्री तिथे वर्षानुवर्षं डाऊन म्हणून पडलेल्या असतात, त्या काढा. डिस्क बघा, विशेषतः अंडरक्लाऊडची, तिथे जुन्या कंटेनर इमेज साचून जागा संपलेली असते. सर्टिफिकेट कधी संपतायत ते बघा. व्हॅलिडेशनचा प्री-अपडेट ग्रुप चालवा, त्यात निघालेलं प्रत्येक लाल काहीतरी सांगतंय, नेहमीचंच आहे म्हणून सोडू नका. आणि अपडेटची प्रत्येक कमांड टीमक्समध्ये चालवा. घरून करणार असाल आणि लाईट गेली, वायफाय गेलं, तरी कमांड तिकडे चालू राहिली पाहिजे.

प्रश्न: ताई, आम्हाला मॅनेजमेंट शनिवारी रात्री फक्त 4 तास देते. एवढ्यात कसं बसवायचं? नाहीतर सरळ दिवाळीच्या सुट्टीत करू का?
— एक वाचक, नवी मुंबई

उत्तर: चार तासांत सगळं बसवायचा प्रयत्नच करू नका. अपडेट भागाभागात करता येतो आणि तसाच करावा. एका आठवड्यात अंडरक्लाऊड, तो बंद-चालू झाला तरी चालत्या व्हीएमला काही होत नाही, दुपारी पण करता येईल. कंटेनर इमेज आधीच ओढून अंडरक्लाऊडच्या रजिस्ट्रीत ठेवा, विंडोचा केवढा तरी वेळ नुसता डाऊनलोडमध्ये जातो. मग एका रात्री ओव्हीएन (व्हीएमचं नेटवर्क सांभाळणारं) आणि कंट्रोलर. ओव्हीएनमध्ये क्रम पाळा, आधी सगळ्या नोडवरचे ओव्हीएन कंट्रोलर आणि मगच त्याचा मधला डेटाबेस, कारण खालच्या नवीन एजंटला वरचा जुना डेटाबेस समजतो, उलटं केलं तर व्हीएमचं नेटवर्क गडबडू शकतं. नंतरच्या शनिवारी कॉम्प्युट, लिमिट लावून चार-चार, पाच-पाच. कंट्रोलर नवीन आणि कॉम्प्युट जुने असं काही दिवस चालतं, फक्त त्या काळात नवीन नोड जोडणं, टेम्पलेट बदलणं असलं काही करायचं नाही.

दिवाळीत मात्र नको. गर्दी नसते हे खरं, पण तुमची माणसं गावाला, व्हेंडरची माणसं गावाला, स्टोरेजवाला फोन उचलत नाही, आणि अडलं तर विचारायचं कोणाला? साधा शनिवार घ्या ज्याच्या दुसऱ्या दिवशी सगळे हाकेला आहेत.

प्रश्न: कॉम्प्युट नोड रीबूट करावे लागतील असं वाचलं. मग वरच्या व्हीएमचं काय? युजर्सना डाऊनटाईम सांगायचा का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर: अपडेट स्वतः चालत्या व्हीएम बंद करत नाही, पण नवीन कर्नल लागू व्हायला रीबूट लागतोच, आणि त्याआधी त्या नोडवरच्या व्हीएम लाईव्ह मायग्रेशनने, म्हणजे बंद न करता, दुसरीकडे हलवायच्या. याची तयारी म्हणजे एक नोड पूर्ण रिकामा करता येईल एवढी जागा बाकीच्यांवर आहे का ते आधी मोजा. सीपीयू वेगवेगळ्या पिढ्यांचे असतील तर नव्या सर्व्हरवरची व्हीएम जुन्यावर बऱ्याचदा जात नाही, उलट जाते, म्हणून रिकामं करायचा क्रम त्या हिशोबाने लावा. जीपीयू थेट जोडलेल्या व्हीएम अशा हलत नाहीत, त्यांच्या मालकांना मात्र तारीख-वेळ स्पष्ट सांगा आणि त्यांच्याकडून होकार घ्या. मी अशा व्हीएमची वेगळी यादी काढून प्रत्येकाला स्वतः फोन करते, मेल कोणी वाचत नाही. आणि आधी एक बिनमहत्त्वाची व्हीएम हलवून बघा, पिंग चालू ठेवून, किती पॅकेट जातात ते डोळ्यांनी दिसतं.

सेफच्या नोडचं पण लक्षात घ्या. डिस्क सांभाळणारा ओएसडी डाऊन झाला की सेफ 600 सेकंद वाट बघतं, म्हणजे 10 मिनिटं, आणि मग तो कायमचा गेला समजून त्याचा डेटा दुसरीकडे कॉपी करायला घेतं. मोठ्या सर्व्हरला नुसतं बूट व्हायलाच तेवढा वेळ लागतो. म्हणून रीबूटच्या आधी नोआऊट आणि नोरिबॅलन्स हे दोन फ्लॅग लावायचे, एक नोड रीबूट करायचा, सगळे प्लेसमेंट ग्रुप (सेफमधले डेटाचे गट) ॲक्टिव्ह आणि क्लीन झाले की मगच पुढचा.

प्रश्न: मॅडम, एवढं करण्यापेक्षा थेट 18 वर गेलेलं बरं नाही का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: ते वेगळंच काम आहे. 17.1 हे मूळ ओपनस्टॅकच्या वॉलाबी रिलीजवर आहे, 2021 चं. 18 आलं 2024 मध्ये आणि त्यात कंट्रोलर नोडच राहिले नाहीत, सगळा कंट्रोल प्लेन ओपनशिफ्टवर (रेड हॅटचं कंटेनर चालवायचं प्लॅटफॉर्म) पॉडमध्ये चालतो, डायरेक्टर पण गेला. म्हणजे आधी टीमला ओपनशिफ्ट सांभाळता आलं पाहिजे, त्यासाठी वेगळे सर्व्हर पाहिजेत, आणि मग आहे तो क्लाऊड त्यात दत्तक घेतल्यासारखा नेतात. त्याची आखणी महिन्यांची करा. तोपर्यंत सिक्युरिटी पॅच थांबवून ठेवणं मला पटत नाही, आणि तसंही 18 वर जायचं असेल तर आधी 17.1 चं ताजं रिलीज हाताशी असलेलं बरं, त्यामुळे हा मायनर अपडेट तुम्हाला करायचाच आहे. फाईल्स, फेन्सिंग आणि बॅकअपबद्दल पुण्याच्या वाचकांना वर लिहिलंय, तिथूनच सुरू करा, आणि कुठे अडलात तर त्या लॉगच्या शेवटच्या पन्नास ओळींसकट लिहा.