आंबट आधी की नंतर? वाचकांचे स्वयंपाकाचे प्रश्न

यावेळी आलेले प्रश्न वाचताना लक्षात आलं की डाळ, अळू, सोलकढी, खीर असं सगळं वेगवेगळं विचारलंय पण बहुतेकांची गाडी आंबटापाशीच अडकलीये. रेसिपीत "चवीनुसार चिंच" असं लिहिलेलं असतं, ती कधी घालायची आणि का, ते मात्र कोणी सांगत नाही. म्हणून हा अंक पूर्ण आंबटाचा.

प्रश्न: ताई, आम्ही नवीन सोसायटीत राहायला आलो तेव्हापासून तूरडाळ शिजतच नाही. पाच-सहा शिट्ट्या करूनही दाणे दाणे राहतात, वर पाणी वेगळं. वेळ वाचावा म्हणून मी डाळीतच आमसूल, गूळ, मीठ सगळं घालून कुकर लावते. कुकर बदलू का? (नाशिक)

कुकर बदलू नका हो, तो बिचारा निर्दोष आहे. आधी ते आमसूल आणि गूळ डाळीतून बाहेर काढा. डाळीच्या पेशी एकमेकींना धरून असतात ते पेक्टिन नावाच्या द्रव्यामुळे, डाळ शिजते म्हणजे काय तर हे पेक्टिन विरघळतं आणि दाणा मोडतो. आंबटात ते सहजासहजी विरघळत नाही, त्यामुळे तुम्ही शिट्ट्या वाढवत राहता आणि डाळ ढिम्म हलत नाही. गुळातही थोडा आंबटपणा आणि कॅल्शियम असतं, तोही त्याच बाजूचा. म्हणून डाळ शिजवताना फक्त हळद, हिंग आणि चमचाभर तेल, बाकी सगळं डाळ घोटून झाल्यावर.

दुसरा संशय पाण्यावर. नवीन सोसायटी म्हणताय तर बोअरचं पाणी येतंय का बघा. जड पाण्यातलं कॅल्शियम त्याच पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं. खात्री करायची सोपी युक्ती सांगते, कुकरमध्ये दोन छोट्या वाट्या ठेवा, दोन्हीत एकाच डब्यातली मूठमूठभर डाळ, एकीत नळाचं पाणी आणि दुसरीत आरओचं किंवा बाटलीचं, आणि एकदमच शिजवा. झाकण उघडलं की उत्तर समोर असेल. आरओच्या पाण्यातली मऊ झाली तर दोष पाण्याचा, दोन्ही तशाच राहिल्या तर डाळ जुनी आहे, अशा वेळी ती कोमट पाण्यात तासभर भिजवा किंवा सरळ दुकान बदला. चिमूटभर सोडा घातला तर डाळ शिजेल हे खरंय, पण मला तो अजिबात पटत नाही. चव साबणासारखी होते आणि डाळीतलं बी-1 जीवनसत्त्व बरंच वाया जातं.

आता आमटीच करायची तर वाटीभर डाळ अडीच-तीन वाट्या पाण्यात गळेपर्यंत शिजवा आणि गरम असतानाच रवीने घोटा. मोहरी, हिंग, हळद, कढीपत्त्याची फोडणी करून डाळ त्यात ओता, हवं तेवढं गरम पाणी घाला, आणि आता चार-पाच आमसुलं, सुपारीएवढा गूळ, चमचाभर गोडा मसाला, मीठ. सात-आठ मिनिटं मंद उकळू द्या. आमसूल फुगून मऊ होतं आणि कडेने लालसर रंग सुटायला लागतो, तेव्हा थेंबभर तळहातावर घेऊन चाखा, आंबटपणा पुरेसा वाटला तर आमसुलं चमच्याने काढून टाका, कारण ती आमटीत पडून राहिली तर संध्याकाळपर्यंत आमटी जास्तच आंबट होते. मटकी, वाल, हरभरा, कुठलीही उसळ असो, हाच नियम. बटाट्यालासुद्धा! रस्सा भाजीत टोमॅटो आणि बटाटा एकदम टाकला की बटाटा कडक राहतो तो यामुळेच.

प्रश्न: मग अळूच्या फदफद्यात चिंच शेवटी घालायची का? माझं अळू नेहमी घशाला खाजतं. सासूबाई म्हणतात पानंच वाईट आहेत. (सातारा)

नाही, इथे बरोबर उलटं. अळूची पानं अशीही पटकन शिजतात, त्यांना आंबटाची भीती नाही. खाज येते ती पानांतल्या आणि देठांतल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या टोकदार स्फटिकांमुळे, तेच घशाला टोचतात. उपाय म्हणजे अळू पुरतं शिजवणं आणि सुरुवातीपासून चिंचेचा कोळ घालणं. घाई झाली आणि पानं अर्धवट राहिली तर खाज येणारच, मग पानं कितीही चांगली असोत. देठं सोलून घ्या, चिरताना हाताला तेल किंवा चिंच चोळा.

गंमत अशी की फदफद्यात हरभरा डाळ आणि शेंगदाणेही असतात, आणि त्यांना आंबट आधी चालत नाही. म्हणून ते दोन्ही भिजवून कुकरला वेगळे शिजवायचे आणि नंतर अळूत मिसळायचे. आपल्या आज्या हे वेगळं शिजवायच्याच, कारण विचारलं असतं तर "असंच करतात" म्हणाल्या असत्या, पण कारण पक्कं होतं.

आणि सासूबाईंचंही अगदीच चूक नाही, वडीचं अळू काळ्या देठाचं आणि भाजीचं हिरव्या देठाचं. भाजीवाल्या मावशींना "भाजीला हवंय" एवढं सांगितलं की त्या बरोबर देतात.

प्रश्न: आमसूल, कोकम, आगळ, अमृत कोकम यात फरक काय? मी सोलकढीत अमृत कोकम घातलं, गोडमिट्ट झाली. दुसऱ्या वेळी आमसुलाची केली तर फ्रीजमध्ये वर पांढरा थर आणि गाठी. फाटली म्हणून ओतून दिली. (पुणे)

अरेरे, ओतायला नको होती! तो थर नारळाच्या दुधातल्या तेलाचा. खोबरेल थंडीत बाटलीत गोठतं ना, तेच हे, साधारण 24 अंशांच्या खाली ते घट्ट होतं. सोलकढी बाहेर काढून ठेवायची, थंडावा गेला की ढवळायची, झालं. खरंच बिघडली असेल तर वासावरून कळतंच.

आता नावं. झाडावरचं फळ म्हणजे रातांबा, उन्हाळ्यात येतो. त्याची सालं मीठ घातलेल्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवली की आमसुलं, त्यालाच कोकम म्हणतात आणि गोव्यात सोलं. मिठात ठेवलेला रस म्हणजे आगळ, त्यात साखर नसते. साखरेच्या पाकातलं ते अमृत कोकम, ते सरबतासाठी, सोलकढीत त्याचं काही काम नाही. बियांचंही तेल काढतात, भिरंडेल, हिवाळ्यात टाचांच्या भेगांना लावायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनही आहे. घेताना मऊ, काळपट लाल, किंचित ओलसर आमसूल बघून घ्या, आगळाच्या बाटलीवरचं लेबल वाचा, कोकम आणि मीठ एवढंच असावं, लाल रंग घातलेला असेल तर बाटली परत ठेवून द्या.

सोलकढीला आठ-दहा आमसुलं वाटीभर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून चांगली कुस्करा. एका नारळाचं दूध काढा, दोन लसूण पाकळ्या आणि एक हिरवी मिरची खोबऱ्याबरोबरच वाटायची. रस थोडा थोडा घालत रंग गुलाबी झाला की थांबा, मग चाखून मीठ घाला, आमसुलात आणि आगळात आधीच मीठ असतं. गॅसवर ठेवायची नाही, नारळाचं दूध आंबटासकट तापलं की फुटतं. आणि कल्हई नसलेल्या पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात कधीच ठेवू नका, आंबट त्या धातूला खातं आणि ते आपल्या पोटात जातं. स्टील, काच, चिनीमाती यातच.

प्रश्न: गूळ घालून शेवयांची खीर केली की दूध फाटतं. (लातूर)

उकळत्या दुधात गूळ टाकत असाल. गॅस बंद करा, खीर कोमट होऊ द्या, मग गूळ घाला आणि नंतर पुन्हा उकळू नका. गूळ थोड्या पाण्यात विरघळवून गाळून घेतला तर आणखी बरं, कचराही निघतो. कोकणात गुळाच्या खिरीला नारळाचं दूध घालतात, तेही शेवटीच आणि न उकळता.

प्रश्न: आम्ही जर्मनीत राहतो. इथे आमसूल सहज मिळत नाही. आमटीत लिंबू पिळलं तर चालेल का? (म्युनिक)

चालेल, पण गॅस बंद केल्यावर. लिंबाची मजा त्याच्या वासात असते, उकळलं की वास उडतो आणि नुसता आंबटपणा उरतो, कधीकधी कडवटही लागतं. त्यापेक्षा चिंच बघा, ती आशियाई दुकानात मिळेल, थाई स्वयंपाकातही वापरतात. चिंचेच्या वडीतला लिंबाएवढा गोळा गरम पाण्यात पंधरा मिनिटं ठेवून हाताने कोळायचा, चोथा आणि चिंचोके गाळून काढायचे. बाटलीतला काळा घट्ट अर्क असेल तर जपून, आमटीला पाव चमचा पुरतो आणि रंगही काळपट येतो. चिंचेच्या कोळाला कच्चट वास असतो, म्हणून तो डाळीत घातल्यावर निदान दहा मिनिटं उकळा. देशावर चिंच-गुळाचीच आमटी करतात, तेव्हा आमसूल नाही म्हणून हळहळू नका. कुणी भारतातून येत असेल तर पाव किलो आमसुलं मागवा, काचेच्या बरणीत मिठाचा हात लावून ठेवली की वर्षभर सहज टिकतात, फक्त ओला चमचा त्यात जाऊ देऊ नका.