नवीन अॅप घेण्याआधी

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. कामं हातून निसटतायत, तर नवीन अॅप घेऊ का आणि घेतलं तर कोणतं, असं विचारलंयस. अॅपचं नाव आज सांगत नाही. आधी आहेत ती साधनं एकदा समोर मांड. तुझ्या बोलण्यातून मला कळली ती अशी: मोबाईलचं कॅलेंडर, गूगलचं नोंदी ठेवायचं अॅप कीप, व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवलेले मेसेज, कारखान्यातली एक्सेल शीट, पर्समधली डायरी आणि खानापूरच्या घरी भिंतीवरचं कालनिर्णय. कुठली गोष्ट कुठे लिहायची, हे यात कधी ठरवलंच गेलेलं नाही. हाताशी येईल तिथे लिहिलं जातं.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आता तू रोज टूल रूममध्ये जातेस, म्हणून तिथलंच सांगतो. तिथल्या प्रत्येक व्हर्निअरवर, मायक्रोमीटरवर, म्हणजे बारीक मापं घ्यायच्या साधनांवर, एक स्टिकर असतं: कॅलिब्रेशन, म्हणजे साधन बरोबर मोजतं का याची तपासणी, कधी झालं, पुढचं कधी. ती तारीख उलटली की साधन कितीही चकचकीत असो, त्यानं जॉब, म्हणजे घडवलेला भाग, मोजायचा नाही. गुणवत्तेचं आयएसओ 9001 प्रमाणपत्र घेतलेल्या कारखान्यात ऑडिटर ही तारीख हमखास बघतो. कारण झिजलेला मायक्रोमीटर बंद पडत नाही. तो आकडा दाखवतच राहतो, फक्त तो आकडा खरा नसतो. कामाच्या यादीचं तसंच आहे. यादी भरलेली दिसते म्हणून सगळं नोंदवलंय असं वाटतं, पण निम्म्या ओळी शिळ्या असतात. मनाला ते कुठेतरी ठाऊक असतं. मग मन स्वतःची वेगळी यादी धरून बसतं आणि रात्री अंथरुणावर पडलं की ती उगाळायला लागतं. तुझी झोप उडालीय म्हणतेस, ती कामाच्या ओझ्यानं कमी आणि यादीवर भरवसा उरला नाही म्हणून जास्त, असं मला वाटतं.

तेव्हा पाहणी करायची, पण दोन वेगवेगळ्या. एक कामांची, दर आठवड्याला. मागच्या आठवड्याचं कॅलेंडर बघ, पुढच्या दोन आठवड्यांचं बघ, कुणाच्या उत्तरासाठी काय अडलंय ते लिही, झालेलं खोड. अर्ध्या तासात होतं. दुसरी साधनांची, तीन महिन्यांतून एकदा. या दोन्ही एकाच बैठकीत कधी करू नकोस. कामं तपासायला बसलेला माणूस यादीचे रंग आणि लेबलं बदलत बसतो, दुपार निघून जाते, आणि व्हेंडरला करायचा फोन तसाच राहतो. हुशार मुलांचं यातच जास्त नुकसान होतं, कारण त्यांना हे नीटनेटकं करायला मनापासून आवडतं.

साधनाची परीक्षा कशी घ्यायची? मी एकच गोष्ट बघतो: या महिन्यात त्यात टाकलं किती आणि त्यातून काढलं किती. स्वतःला पाठवलेले मेसेज वर सरकवून बघ. लिंका, फोटो, 'हे वाचायचं', 'ह्यांना विचार'. त्यातलं पुन्हा उघडलेलं किती सापडतं? जिथे नुसतं टाकलं जातं आणि शोधायला कुणी जात नाही, ती माळ्यावरची अडगळ. ती जागा बंद कर. त्यातलं जिवंत असेल तेवढं दुसरीकडे हलव, बाकीचं जाऊ दे. उलट आईचं कालनिर्णय बघ. सिलिंडर कधी लागला, दुधाचे खाडे किती, तुझी कारखान्यातली दुसरी पाळी कधी, सगळं त्याच्यावर असतं आणि घरातलं कुणी ना कुणी रोज ते बघतं. त्याला हात लावू नकोस.

रिमाइंडरांकडेही असंच बघ. रोज वाजतो आणि रोज पुढे ढकलला जातो, अशा रिमाइंडरची एकतर वेळ चुकलीय, नाहीतर ते काम तू करणारच नाहीस. दोन्हीपैकी काय ते ठरव. वाजत ठेवलास तर हळूहळू कान बाकीच्या रिमाइंडरांनाही सरावतात.

आता आपल्या भागातली अडचण. पुण्यातल्या मुलाला ती तुझ्याइतकी येत नाही. तुझे कागद तीन भाषांत आहेत. नाडकचेरीतून, म्हणजे कर्नाटकातल्या स्थानिक महसूल कार्यालयातून, आलेला दाखला कन्नडमध्ये, कारखान्याची मेल इंग्रजीत, घरच्या नोंदी मराठीत. हेस्कॉम या वीज कंपनीचं एक बिल तू 'लाईट बिल' म्हणून ठेवतेस, पुढच्या महिन्याचं इंग्रजी नावानं, तिसऱ्याचा नुसता फोटो. मराठीत शोधलं तर इंग्रजी नावाची फाईल समोर येत नाही. मग कागद हरवला असं वाटतं, असतो मात्र मोबाईलमध्येच. फायलींना नाव द्यायला एक लिपी ठरव, कुठलीही चालेल, आणि नावाच्या सुरुवातीला तारीख घाल: आधी साल, मग महिना, मग दिवस. म्हणजे सगळ्या फायली आपोआप क्रमानं लागतात. नुडी किंवा श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या फायली असतील तर त्या युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या आजच्या अक्षरपद्धतीत, बदलून घे. जुन्या फाँटात पडद्यावर कन्नड-मराठी दिसतं, पण आत इंग्रजीची चिन्हं साठवलेली असतात, त्यामुळे शोधून काही मिळत नाही.

रेंजचाही विचार कर. जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळ्यात नेटवर्क गेलं की ऑनलाइन ठेवलेला कागद असून नसल्यासारखा. ड्राइव्हमधल्या मोजक्या फायली ऑफलाइन करून ठेव आणि दर पाहणीत मोबाईल एरोप्लेन मोडवर टाकून त्या उघडतात का ते बघ.

आणि बाहेर पडायची वाट. फुकट मिळणारं साधन कायम तसंच राहील असं धरून चालू नये. वंडरलिस्ट हे कामांच्या यादीचं अॅप लाखो लोक वापरायचे, मायक्रोसॉफ्टनं ते 2015 मध्ये विकत घेतलं आणि मे 2020 मध्ये बंद केलं. नोंदी ठेवायच्या एव्हरनोटनं 2023 च्या डिसेंबरात फुकट वापरणाऱ्यांना 50 नोटांची मर्यादा घातली. नंतर वाचायच्या लिंका साठवायचं पॉकेट जुलै 2025 मध्ये बंद झालं. ज्यांनी आपलं लिखाण वेळेत उतरवून घेतलं त्यांचं काही अडलं नाही. गूगलमध्ये 'टेकआउट' नावाची सोय आहे, तिथून कीप, कॅलेंडर, ड्राइव्ह सगळं उतरवता येतं. गूगलच्या खात्यात जागा किती उरलीय तेही बघ. फुकटची 15 जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. ती भरली की नवीन मेल येणं थांबतं. तू परीक्षा देतेयस, हॉल तिकिटाची मेल फोटोंपायी अडकायला नको.

वर्षातली मोठी पाहणी खंडेनवमीच्या आधी कर. त्या आठवड्यात उद्यमबागेत मशिनं धुतली-पुसली जातात, मोडकी टूल्स बाजूला निघतात, सगळ्यांचे हात त्याच कामात असतात. तुझ्या लॅपटॉपलाही हळदीकुंकू लागेल, त्याआधी तो आतून साफ असू दे. पासवर्ड बदल, बंद पडलेली खाती काढून टाक, वापरात नसलेल्या अॅपांचे चालू वर्गणीचे पैसे थांबव.

या रविवारी पहिली पाहणी कर. त्या सहा जागा एका कोऱ्या कागदावर लिही आणि प्रत्येकीपुढे एकच काम लिही. दोन जागांपुढे तेच काम आलं तर एक काट. एखाद्या कामाला जागाच उरली नाही, तर कोणत्या कामाला ते मला कळव. मग त्या कामापुरतं अॅप बघू. शनिवारी दुसरी पाळी नसेल तर लॅपटॉप घेऊन घरी ये, नुडीतल्या फायली आपण बसून बदलून घेऊ. काकूनंही बोलावलंय.

तुझे,
काका