वाचकांचे प्रश्न : पाणथळीतलं गुलाबी फूल

प्रश्न : यावलजवळ नाल्याकाठच्या ओलसर जागेत वीतभर रोपाला चार पाकळ्यांची बारीक गुलाबी फुलं आली आहेत. हे दुर्मीळ ‘जेन्शियन’ आहे का? उपटून नमुना पाठवू का?

उत्तर : उपटू नका, रोप वर्षायू, म्हणजे एकाच वर्षात बी टाकून मरणारं आहे, बी पडण्याआधी गेलं तर तिथला वाणच तुटेल. दहापट भिंगाने पुंकेसर बघा. एक मोठा आणि तीन खुरटे, खोड चौकोनी, पानं समोरासमोर, खालच्या दोन पाकळ्या जास्त जुळलेल्या, तर ती किलवार, म्हणजे कॅन्स्कोरा. कूळ जेन्शियनचंच, पण दुर्मीळ म्हणायची घाई नको. पाकळ्या निळसर, सारख्या आणि परागकोश टोकाच्या छिद्राने उघडणारे असतील तर त्याच कुळातली एक्झॅकम. फक्त समोरून काढलेल्या फोटोवर बहुतेक जण फसतात. बाजूने निदलपुंज (पाकळ्यांखालचं हिरवं आवरण) आणि खोडही टिपा.