आधी 'कशावरून' लिही, मग वाक्य

तुझी मेल वाचली, आणि खरं सांगू का, खूप बरं वाटलं. इतिहासात एमए नाही, पीएचडी नाही, नोकरी भलत्याच क्षेत्रातली, तरी मी मराठ्यांच्या इतिहासावर साध्या वाचकांसाठी पुस्तक लिहू शकते का, असं विचारलंयस. हो, लिहू शकतेस. गो. स. सरदेसाई बडोद्याला सयाजीरावांच्या नोकरीत होते, कुठल्या विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक नव्हते, नोकरी सांभाळूनच त्यांनी मराठ्यांचा इतिहास लिहायला घेतला आणि निवृत्तीनंतर पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे 45 खंड संपादित केले. इतिहासकार वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून लोकांच्या घरातली रुमालात बांधलेली दप्तरं शोधत राहिले, 1898 मध्ये मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा, म्हणजे अशा जुन्या कागदांचा, पहिला खंड काढला, आणि आज आपण पानिपताबद्दल जे काही खात्रीनं बोलतो त्यातलं बरंचसं अशा छापून ठेवलेल्या पत्रांच्या जिवावर बोलतो. तेव्हा डिग्रीची काळजी सोड. काळजी दुसऱ्या गोष्टीची कर.

माझी एकच सवय तुला द्यायची आहे, बाकी सगळं तू स्वतः शिकशीलच. कच्चा खर्डा लिहिताना पान दोन कॉलममध्ये कर, डावीकडे तुझं वाक्य, उजवीकडे 'कशावरून'. प्रत्येक वाक्यासमोर. कोणाचं पत्र, कोणाची बखर, कुठला खंड, कुठलं पान, आणि ते लिहिणारा माणूस त्या घटनेच्या वेळी होता कुठे. सुरुवातीला फार कंटाळा येतो, वेग मरतो, पण करच.

उदाहरण देतो. समज तू लिहिलंस, "14 जानेवारी 1761 च्या सकाळी उपाशी सैन्य पानिपतच्या मैदानात उतरलं आणि भाऊंच्या डोळ्यांत निर्धार होता." तारखेसमोर साधनं आहेत. उपासमारीसमोर आहेत, छावणीला रसद मिळत नव्हती हे दोन्हीकडच्या लिखाणात येतं. काशीराज पंडित अवधचा नवाब सुजाउद्दौला याच्या पदरी होता, म्हणजे समोरच्या छावणीत, वाटाघाटींची पत्रं त्याच्या हातून गेलेली, त्यामुळे त्याची साक्ष मोलाची, पण तो लिहितोय सुमारे वीस वर्षांनी, हेही उजव्या कॉलममध्ये लिहायचं. आणि डोळ्यांतला निर्धार? तिथे उजवा कॉलम कोरा. कोणी बघितला तो? कोरा राहिला की वाक्य काढ, किंवा जे माहीत आहे त्यावर ये. वाचक डोळ्यांतल्या निर्धारावाचून अडत नाही गं, त्याला रसदीचं सांगितलंस, रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेल्यावर धान्य आणि पैसा येण्याची वाट कशी आवळली गेली हे सांगितलंस, की तो हादरतो. खऱ्या गोष्टीत तेवढी ताकद असते, फक्त ती शोधायला वेळ द्यावा लागतो.

साधनं सगळी एका वजनाची नसतात हे तर तुला माहीतच असेल, पण लिहिताना विसरायला होतं म्हणून परत सांगतो. सभासदानं बखर लिहिली ती राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, जिंजीला, सतराव्या शतकाच्या शेवटी शेवटी, आणि तो स्वतः शिवाजी महाराजांच्या काळातला माणूस. मल्हार रामराव चिटणीसांची बखर त्यानंतर शंभर वर्षांहून जास्त काळानं आलेली. दोन्ही बखरीच, दोन्ही वाचायच्याच, पण "बखरीत म्हटलंय" एवढं लिहून मोकळं व्हायचं नाही, कुठली बखर ते वाचकाला तिथल्या तिथे कळू दे. एका ओळीचं काम आहे ते.

तारखांवर मात्र जरा जास्त बोलणार आहे कारण नवीन लेखक सगळ्यात जास्त तिथेच अडकतात आणि चुकीची तारीख एकदा छापली गेली की ती पुढच्या दहा पुस्तकांत जाते. सुरतेवरचा पहिला हल्ला जानेवारी 1664 चा, पण तिथल्या इंग्रजांच्या वखारीचे तेव्हाचे कागद बघशील तर जानेवारीवर साल दिसेल 1663, कारण त्या वेळी त्यांचं वर्ष 25 मार्चला बदलायचं. म्हणजे इंग्रजांचा हिशेब चुकला नव्हता आणि आपलाही चुकलेला नाही, पण तू ते साल जसंच्या तसं उचललंस तर हल्ला एक वर्ष मागे जातो. ही पद्धत 1752 मध्ये बदलली, आणि त्याच वर्षी त्यांनी 2 सप्टेंबरनंतर थेट 14 सप्टेंबर धरला, तेव्हा त्याआधीच्या इंग्रजी तारखा आणि पोर्तुगीज कागदांतल्या तारखा शेजारी ठेवताना हा दिवसांचा फरक लक्षात ठेवायचा, कारण पोर्तुगीजांनी तो बदल आधीच केलेला होता. आणि आपली मराठी पत्रं, त्यात तर सुहूर सन, म्हणजे तेव्हाची वेगळीच वर्षगणना, तीही अरबी शब्दांत. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, 1161. त्यात 599 किंवा 600 मिळवायचे, कारण हे वर्ष मृग लागला की सुरू होतं, म्हणून एकाच सुहूर वर्षात 1760 चा पावसाळा आणि 1761 चा जानेवारी दोन्ही येतात. पानिपत याच वर्षात. पहिल्यांदा हे जुळलं ना, की जो आनंद होतो तो मी तुला शब्दांत सांगू शकत नाही.

मोडी शिक. क्लास लाव, ऑनलाइन शिक, कसंही, पण शिक. मोडीत शब्द तोडून लिहिलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भरवसा नाही, सुरुवातीला एका ओळीला अर्धा तास लागतो. छापील खंडांवर पुस्तक होऊ शकतं, नाही असं नाही, पण मूळ कागद वाचता आला की दुसऱ्यानं लावलेल्या वाचनावर शंका घ्यायची हिंमत येते. फारसी सगळ्यांना जमेलच असं नाही, तिथे जाणकार माणूस गाठ, त्याचे आभार पुस्तकात नीट मान, आणि कुठला उतारा त्यानं लावून दिला तेही सांग.

आता संवादांचं. तू मेलमध्ये लिहिलंयस की "थोडे संवाद घातले तर जिवंतपणा येईल." हे नको करूस, प्लीज. आपल्याकडे ऐतिहासिक कादंबऱ्यांतले संवाद लोक खरे उद्गार म्हणून भाषणात म्हणतात, शाळेच्या नाटकात म्हणतात, स्टेटसला ठेवतात, आणि मग ते उद्गार पुसता येत नाहीत. कादंबरी लिहायची तर खुशाल लिही, मुखपृष्ठावर कादंबरी छाप, तो मोठा साहित्यप्रकार आहे. पण इतिहास म्हणून देतेयस तर अवतरण चिन्हात तेच यायला हवं जे कुठेतरी लिहून ठेवलेलं सापडलंय. ही अडचण नवी नाही, अडीच हजार वर्षांपूर्वीच्या थुसिडिडीसनं आपल्या ग्रंथात भाषणं घातली, पण भाषणं शब्दशः लक्षात ठेवणं अवघड होतं, म्हणून त्या प्रसंगी माणूस काय बोलला असता तसं मी लिहिलंय, हे त्यानं वाचकाला सरळ सांगितलं. निदान तेवढं तरी. आणि ज्यांनी नाही सांगितलं त्याचे परिणाम बघ, भाकरी नसेल तर केक खा हे वाक्य आजही फ्रान्सच्या राणीच्या, मारी आंत्वानेतच्या नावावर आहे, आणि ती ते बोलली याचा पुरावा नाही.

संवादाशिवाय जिवंतपणा येतो कुठून? पत्रांतून. हिशेबांच्या यादीतून. एखाद्या सरदाराला सैन्याचा पगार चुकवता येत नाहीये म्हणून तो सावकाराला अजिजीनं लिहितो, ते पत्र पूर्ण दे, त्याची भाषा तशीच ठेव, अवघड शब्दाचा अर्थ वाक्यातच सांग. वाचक सरदाराला घोड्यावर खूपदा भेटलेला असतो, कर्जात नाही भेटलेला. मला स्वतःला असे कागद लढायांपेक्षा जास्त आवडतात, हा माझा कल आहे, तुझा वेगळा असू शकेल.

सापडलेल्या सगळ्या गोष्टी पुस्तकात घालायच्या नसतात. टिपा शेवटी दे, पण दे, कोणी "टिपांमुळे वाचक घाबरतो" म्हणालं तरी दे. नकाशे चांगले करून घे. सूची स्वतः कर.

पैशाचं थोडक्यात. नोकरी सोडू नकोस. अशा पुस्तकाला काही वर्षं जातात आणि रॉयल्टी छापील प्रतींच्या खपावर, तीही सावकाश येते. करार वाचून सही कर, भाषांतर, ऑडिओ, ईबुक यांचे हक्क वेगवेगळे लिहून घे, एका ओळीत "सर्व हक्क" असं असेल तर थांबून विचार.

आणि रागाची तयारी ठेव. तू ज्यांच्याबद्दल लिहिशील त्यांच्यावर लोकांचं मनापासून प्रेम आहे, कोणाचं ते घराणं आहे, कोणाची जात आहे, कोणाचं गाव आहे. फोन येतील, कमेंट येतील, काही फार घाण असतील. त्यातल्या शिव्यांना उत्तर द्यायचं नाही, पण "हे कशावरून लिहिलंत" असं कोणी विचारलं, कितीही चिडून विचारलं, तर उत्तर द्यायचं, कारण तो प्रश्न योग्यच आहे आणि तुझा उजवा कॉलम तयार आहे. तुला आवडणाऱ्या माणसाबद्दल गैरसोयीचं पत्र सापडलं तर ते बाजूला सारू नकोस. मलाही जीव तुटतो अशा वेळी, तरी घालतो.

पुस्तक आलं की काही लोक कागद घेऊन येतील, आमच्याकडे पणजोबांच्या पेटीत हे आहे म्हणून. आदरानं बघ, फोटो काढायची परवानगी माग, पण हुरळून जाऊ नकोस. 1983 मध्ये जर्मनीतल्या 'स्टर्न' साप्ताहिकानं हिटलरच्या रोजनिश्या म्हणून भलामोठा गाजावाजा केला, नावाजलेल्या इंग्रज इतिहासकारानं आधी त्या खऱ्या ठरवल्या, आणि कागद-शाई तपासल्यावर त्यात युद्धानंतरचा माल निघाला. तेव्हा कागद मोडीच्या जाणकाराला दाखव, भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेत विचार, मगच छाप. खरा निघाला तर दुसऱ्या आवृत्तीत त्या घराच्या परवानगीनं त्यांच्या नावासकट घे, त्यामुळे तुझं एखादं प्रकरण बदलत असलं तरी.

पहिलं प्रकरण झालं की मला पाठव, दोन्ही कॉलमांसकट. मी आधी उजवा वाचेन.