फलकावर आधी तिचं नाव

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल दोनदा वाचली. स्त्रियांच्या मताधिकारावर प्रदर्शन मांडायचंय आणि हाताशी काय, तर एक जातं, दोन पैठण्या आणि नऊवारीतला फायबरचा पुतळा. मताच्या हक्काची ‘वस्तू’ सापडत नाही, म्हणून वरिष्ठ म्हणतात चूल मांडा, लोक सेल्फी काढतात. तू विचारतेस, वाद घालू, गप्प बसू, की सगळं सोडून पीएच.डी.ला लागू? पीएच.डी.चं नंतर बघू. चूल मांडायची तर खुशाल मांड, माझं चुलीशी भांडण नाही. फक्त ती कोणाची होती ते लिही. नाव लिही.

केळकर संग्रहालयात तू शाळेपासून जात असशील. वज्री, फण्या, अडकित्ते, दिवे, स्वयंपाकघरातली भांडी: बायकांच्या रोजच्या हातातल्या वस्तू इतक्या जीव लावून क्वचितच कोणी जमवल्या असतील. दिनकर केळकरांनी तो संग्रह आपल्या गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं उभा केला. नाव काय असतं हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. पण जुनी वस्तू कुठल्याही संग्रहालयात येते ती वाड्याच्या, घराण्याच्या, फार तर शतकाच्या नावानं. वज्रीनं टाच घासणारी कोण, हे मुळात कोणी टिपूनच ठेवलेलं नसतं.

मी नोकरीत होते तिथल्या रजिस्टरात ‘दाता’ असा रकाना होता. दाता म्हणजे घरातला कर्ता पुरुष. पुरणयंत्र त्याच्या आईचं, आई आतल्या खोलीत बसलेली, आणि सही त्याची. मी ‘वापरणारीचं नाव’ असा रकाना मागितला. साहेब म्हणाले, रजिस्टर छापील आहे, बदलता येत नाही. मग मी शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीनं नावं लिहायला लागले. ऑडिटमध्ये त्यावर आक्षेप निघाला, माझी बढती लांबली, सहकारी हेकट म्हणायचे. अजूनही म्हणत असतील. म्हणोत. आज त्या पुरणयंत्राबद्दल कोणी विचारलं तर उत्तर त्या पेन्सिलीतच मिळेल, साहेबांच्या शाईत नाही. सल एवढाच राहिला की नाव विचारून मी उठायचे. १९५२ साली मत द्यायला गेला होतात का, कोणाबरोबर, घरात काय बोलणं झालं, हे विचारायला त्या आतल्या खोल्यांमधून आणखी बसायला हवं होतं. आता विचारायला त्यांतली कोणी उरलेली नाही.

१९५२ च का, ते ऐक. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या करायला लोक घरोघर गेले, तेव्हा उत्तरेकडच्या कितीतरी बायकांनी परक्या माणसाला आपलं नाव सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, अशा नोंदी झाल्या. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी त्या चालवून घेतल्या नाहीत. सुमारे २८ लाख नावं, नावं कुठली, नोंदी, यादीतून गळल्या. घटनेनं हक्क दिलेला होता, हातात मत येणार होतं, आणि अडलं ते नावापाशी! सेन फार कडक वागले असं काहींना वाटतं. मला तसं वाटत नाही. आणि वस्तू नाही म्हणतात तुझे वरिष्ठ? त्या निवडणुकीसाठी गोदरेजनं विक्रोळीत पोलादी मतपेट्या बनवल्या होत्या. एखादी मिळव, दालनाच्या मधोमध ठेव, शेजारी ही २८ लाखांची गोष्ट. जातं कोपऱ्यात आपोआप जाईल.

तुझ्या मसुद्यातलं ‘न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी’ वाचून मात्र माझं डोकं फिरलं. पुण्यात बसून हे लिहितेस? न्यायमूर्ती १९०१ साली गेले. रमाबाई रानड्यांनी बायकांसाठी उभं केलेलं पुण्याचं सेवासदन १९०९ चं. मताधिकारासाठी रमाबाई सभा घेत होत्या तेव्हा नवऱ्याला जाऊन वीस वर्षं होत आली होती. त्यांच्याबद्दलचं पहिलं वाक्य त्यांनी काय केलं याचं हवं. पत्नी वगैरे तिसऱ्या ओळीत, तीही जागा उरली तर. फर्ग्युसनमध्ये जानेवारी १९२७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, अध्यक्ष बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई. त्या रस्त्यावरून तू रोज स्कूटर नेतेस, आणि मसुद्यात याची एक ओळ नाही.

लंडनच्या मिरवणुकीचा फोटो दाराशी लावणार आहात, लावा. पण ‘भारतीय स्त्रियांचा लढा’ असं खाली लिहू नका. १७ जून १९११ ची ती मिरवणूक, पंचम जॉर्जच्या राज्याभिषेकाचं निमित्त साधून तिथल्या मताधिकारवाल्या बायकांनी काढलेली. आपल्या बायका त्यात साम्राज्याच्या तुकडीत होत्या, साम्राज्याचा पसारा दाखवायला. त्यांतल्या एकीची ओळख ‘मिसेस पी. एल. रॉय’ अशी सांगितली जायची. तिचं नाव लोलिता. लोलिता रॉय असं लिही, ठळक अक्षरात.

आणि हो, १९२१ ची आरती ओवाळू नकोस. मुंबई कौन्सिलनं, म्हणजे तेव्हाच्या मुंबई प्रांताच्या कायदेमंडळानं, त्या वर्षी बायकांना मत दिलं खरं, पण पुरुषांना होती तीच मालमत्तेची अट घालून. घरदार नवऱ्याच्या नावावर, तेव्हा खुद्द मालकिणीलाच बहुधा मत नाही. तिच्याकडे भांडी घासणारीला कुठून असणार? सरसकट सगळ्या प्रौढांना मत द्या, असं आंबेडकर १९२८ साली सायमन कमिशनला सांगत होते. हा फलक १९२१ च्या अगदी शेजारी लाव, पुढच्या भिंतीवर नको. भांडी घासणारीचं नाव सापडणार नाही, मला माहीत आहे. तरी शोध. नाहीच सापडलं तर ‘नाव नोंदवलेलं नाही’ असं स्वच्छ लिही. ‘एक महाराष्ट्रीय स्त्री’ लिहिलंस तर उद्घाटनाला मी येणार नाही.

वाद घालायचा का, असं विचारतेस. घाल ना! पण तोंडी नको, लेखी टिपण दे आणि प्रत स्वतःकडे ठेव. त्याआधी पैठण्या दिलेल्या घरी फोन कर, त्या कोण नेसायच्या ते विचार. आजीबाई असतील तर सकाळी जा, दुपारी त्या झोपतात. आणि मुलाला बाहेर बसव, नाहीतर सगळी उत्तरं तोच देतो.

शनिवारी चारनंतर ये, फलकांचा कच्चा मसुदा घेऊन. कुठे ‘प्रेरणादायी’ दिसलं तर खोडीन, आधीच सांगून ठेवते.